मेडिक्लेमचा हप्ता कोणाच्या खात्यातून?



फेब्रुवारी-मार्च उजाडला की गट ऑफिसात दोन प्रकारची गर्दी होते. एक, तोडीचा नंबर कुठवर आला हे विचारणाऱ्यांची. ती जुनीच आहे. दुसरी गर्दी अलीकडची. हातात मेडिक्लेमची पावती, खिशात पासबुक आणि तोंडात एकच प्रश्न, ‘हे टॅक्समधनं कुठं वजा करायचं?’ मी कारखान्याच्या हिशेब खात्यात ३४ वर्षे काढून २०१८ साली सेवानिवृत्त झालो. घरचा थोडा ऊस आहे, म्हणून सभासदही आहे. त्यामुळे हे कागद फिरत फिरत शेवटी माझ्याकडेच येतात.

मागच्या हंगामात असेच एक तात्या आले. वय सत्तरच्या घरात, चार एकर ऊस, दोन म्हशी. पावती पुढे टाकून म्हणाले,

“आण्णा, ह्यो कागद बघा. पोरगं सांगत हुतं, पन्नास हजार माफ व्हत्यात म्हणून.”

“हप्ता किती भरलाय तात्या?”

“चव्वेचाळीस हजार. आमचा दोघांचा मिळून. उसाचं बिल जमा झालं त्या दिवशीच भरलं बघा.”

“आणि टॅक्स किती बसतो तुम्हाला?”

“मला कुठला टॅक्स? शेतकऱ्याला टॅक्स आसतो व्हय?”

“मग माफ कशातून व्हायचं?”

तात्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मंजी गेलंच म्हणा की पैसं.”

पैसे गेले नव्हते. पॉलिसी चांगली होती, तात्यांना आणि वहिनींना तिचा उपयोगच होणार होता. गेली होती ती करातली सवलत, आणि तीसुद्धा तात्यांची नव्हे, पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाची. ही गोष्ट दरवर्षी इतक्या घरांत घडते, की संपादक मंडळाने लेख मागितल्यावर दुसरा विषय शोधावा लागला नाही.

आधी ‘पन्नास हजार माफ’ म्हणजे काय ते पाहू. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात ८०-डी नावाचे कलम आहे. आपल्या देशात मेडिक्लेम पॉलिसी आली १९८६ साली, आणि हे कलमही त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने आले. सुरुवातीला रक्कम किरकोळ होती. २००८ साली आई-वडिलांच्या हप्त्यासाठी वेगळी सवलत मिळाली, आणि २०१८ साली ज्येष्ठ नागरिकांसाठीची मर्यादा ३० हजारांवरून ५० हजार झाली. आजचा हिशेब असा : स्वतः, पत्नी किंवा पती आणि अवलंबून असलेली मुले यांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यापोटी २५ हजारांपर्यंत वजावट. यांच्यापैकी कोणी साठीच्या वर असेल तर ५० हजारांपर्यंत. आई-वडिलांसाठी याखेरीज आणखी २५ हजार, आणि ते साठीच्या वर असतील तर ५० हजार. वर्षभरात केव्हाही साठ पुरी झाली तरी ते वर्ष धरतात. २०२५ सालचा नवा आयकर कायदा लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६. त्यात याच सवलतीचे कलम १२६ आहे. पुढेमागे कोणी १२६ म्हणाले तर वेगळे काही निघाले असे समजू नये.

आता ही वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. काट्यावर गाडी गेली की मोळीच्या बांधाची वजावट वजनातून होते, बिलाच्या रुपयांतून होत नाही. वजन कमी धरले की बिल त्या प्रमाणात आपोआप उतरते. तसेच हे. ५० हजार उत्पन्नातून वजा झाले आणि माणूस २० टक्क्यांच्या पट्टीत असला, तर कर वाचतो १० हजार आणि त्यावरचा ४ टक्के उपकर. ३० टक्क्यांच्या पट्टीत असला तर १५ हजार ६००. ज्याला करच नाही त्याला शून्य. विमा एजंट ‘पन्नास हजार वाचतील’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलतो असे मी म्हणणार नाही, पण अर्धेच सांगतो.

उसाच्या बिलाची गोष्ट याहून निराळी. शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा आयकर नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. परंतु ८०-डी मध्ये एक अट आहे, तिच्याकडे भल्याभल्यांचे लक्ष जात नाही. हप्ता ‘करपात्र उत्पन्नातून’ भरलेला असला पाहिजे. उसाचे बिल करपात्र नाही. म्हणजे ज्या खात्यात फक्त उसाचे बिल जमा होते त्या खात्यातून हप्ता भरला, तर आपण आपल्याच हाताने वजावटीचा पाया काढून घेतला. समजा एखाद्या कारखान्याने सभासदांसाठी सामुदायिक आरोग्य विमा काढून हप्ता उसाच्या बिलातून कापला, तरी अडचण तीच. विमा खरा, संरक्षण खरे, पण आयकरातली वजावट त्यावर मागता येणार नाही.

इथे एक पोटविषय आहे, तो सांगून टाकतो. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की आपले सगळेच उत्पन्न शेतीचे. तसे नसते. दुधाचा पैसा कायद्याने शेतीचे उत्पन्न नव्हे, कोंबड्यांचाही नव्हे. ट्रॅक्टर भाड्याने दिला, ऊस तोडणी-वाहतुकीचा करार घेतला, तर तो धंदा. कारखान्याकडे ठेवलेल्या ठेवीचे व्याज, जिल्हा बँकेतल्या मुदत ठेवीचे व्याज, गावातल्या गाळ्याचे भाडे आणि अर्थातच पेन्शन, ही सर्व करपात्र उत्पन्ने आहेत. तात्यांच्या दोन म्हशींचा हिशेब कोणी मांडला नव्हता. मांडला तरी कर बसला नसता, ही गोष्ट वेगळी.

पेन्शनवाला सभासद

शेतकऱ्याला निवृत्ती नसते असे आपण म्हणतो. तरी आपल्या सभासदांत निवृत्त माणसे खूप आहेत. प्राथमिक शिक्षक, एस.टी.तले, वीज मंडळातले, पोलीस, आणि आमच्यासारखे कारखान्यातले. यांना पेन्शनही असते आणि ऊसही असतो. नोकरीत असताना संस्थेची सामुदायिक पॉलिसी असते, ती निवृत्तीबरोबर संपते आणि मग साठीच्या वयात हप्ता स्वतः भरायची वेळ येते. हप्ताही त्याच वयात चढतो. तेव्हा करात काही सूट मिळते का, हा प्रश्न रास्तच आहे.

उत्तर मात्र अनेकांना आवडणार नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करपद्धत हीच मूळ पद्धत ठरली आहे, आणि नव्या पद्धतीत ८०-डी ची वजावट मुळीच नाही. ती हवी तर जुनी पद्धत निवडावी लागते. आणि निवृत्त माणसाला आजच्या दराने जुनी पद्धत बहुधा परवडत नाही.

उदाहरण करून दाखवतो. एक निवृत्त शिक्षक, वय ६७. वर्षाची पेन्शन ६ लाख २० हजार. जिल्हा बँकेतले व्याज ८० हजार. खर्च वजा जाता उसाचे उत्पन्न ३ लाख. २०२५-२६ च्या दराने नव्या पद्धतीत पेन्शनमधून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ५ लाख ४५ हजार उरतात, त्यात व्याज मिळवले की ६ लाख २५ हजार. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी दर ठरवण्यापुरते ते हिशेबात धरतात. म्हणून आधी ९ लाख २५ हजारांवर कर काढायचा, तो येतो ३२ हजार ५००. मग शेतीचे ३ लाख आणि मूळ माफीचे ४ लाख मिळून ७ लाखांवरचा कर काढायचा, तो १५ हजार. फरक १७ हजार ५००. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने ६० हजारांपर्यंतची सूट लागते आणि कर शून्य होतो. गुरुजींनी मेडिक्लेमचे ५० हजार भरले असोत की ५ रुपये, शून्यातून वजा काय करणार?

‘मग जुन्या पद्धतीत बघा की’ असे कोणी म्हणेल. बघितले. ज्याची पेन्शन आणि व्याज मोठे आहे त्याच्यासाठीही बघितले. मेडिक्लेमचे ५० हजार, व्याजाचे ५० हजार आणि ८०-सी चे दीड लाख एवढे सगळे धरूनही साध्या पेन्शनवाल्याला जुन्या पद्धतीतला कर नव्यापेक्षा जास्तच येतो. घरकर्जाचे व्याज वगैरे फार मोठी वजावट असेल तरच पारडे फिरते, आणि साठीनंतर घरकर्ज फेडत बसलेला निवृत्त सभासद माझ्या तरी पाहण्यात नाही.

जाता जाता व्याजाबद्दल. जुन्या पद्धतीत ज्येष्ठांना व्याजावर जी ५० हजारांची वजावट आहे ती बँक, सहकारी बँक आणि पोस्ट यांच्या ठेवींवर आहे. साखर कारखान्याकडील ठेवीचे व्याज तिच्यात बसत नाही. दोन-तीन सभासदांनी ते घातलेले मी पाहिले आहे.

मोठ्या बागायतदारांनी मात्र सावध राहावे. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य त्यांना सरसकट लागू नाही. समजा, पेन्शन व व्याज मिळून सर्व वजा जाता ८ लाख उरतात आणि उसाचे निव्वळ उत्पन्न १२ लाख आहे. २० लाखांवरचा कर २ लाख. त्यातून १६ लाखांवरचा, म्हणजे १ लाख २० हजार, वजा केला की ८० हजार राहतात. सूट ६० हजारांची. उरलेले २० हजार आणि ८०० रुपये उपकर भरावे लागतात. करपात्र उत्पन्न ८ लाखच असूनही! उसाने दर चढवला. आणखी एक : शेतीचे उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर पेन्शनवाल्यांचा तो सोपा ‘सहज’ फॉर्म चालत नाही. कित्येक गुरुजी शेतीचा रकाना कोरा ठेवून तोच फॉर्म भरतात. इकडे उसाचे बिल बँकेत जमा होते, त्याची नोंद राहते, आणि मग चौकशीचे पत्र आल्यावर धावाधाव होते.

सवलत खरी कोणाची

तर मग ८०-डी निकामी झाले का? नाही. ते आपल्या हातून मुलाबाळांच्या हातात गेले आहे.

मुंबईत नोकरी करणारा मुलगा धरा. पगार १८ लाख. भाड्याच्या घरात राहतो, घरभाडे भत्त्यावर ४ लाख २० हजारांची सूट मिळते. ८०-सी चे दीड लाख, पेन्शन योजनेचे ५० हजार, स्वतःच्या कुटुंबाच्या मेडिक्लेमचे २५ हजार आणि ५० हजार प्रमाणित वजावट. जुन्या पद्धतीत उत्पन्न उरते ११ लाख ५ हजार आणि कर येतो १ लाख ४४ हजार. नव्या पद्धतीत त्याच पगारावर कर १ लाख ४५ हजार. म्हणजे तराजू अगदी मध्यावर. आता त्याने गावाकडच्या आई-वडिलांच्या मेडिक्लेमचे ५० हजार स्वतः भरले, तर जुन्या पद्धतीतला कर १ लाख २९ हजारांवर येतो. उपकर धरून १५ हजार ६०० रुपये वाचले. ५० हजारांचा हप्ता घराला ३४ हजार ४०० ला पडला. तेच ५० हजार बापाने उसाच्या बिलातून भरले, तर पुरे ५० हजार.

हे गणित प्रत्येक मुलाला लागू पडत नाही. ज्याला घरभाड्याची सूट नाही, घरकर्ज नाही, तो बहुतेक नव्या पद्धतीतच असणार आणि त्याला काही मिळणार नाही. म्हणून पहिला प्रश्न मुलाला विचारायचा : बाबा, तू जुन्या पद्धतीत आहेस का? दोन्ही पद्धतींनी हिशेब करून बघितलास का? नोकरदाराला दरवर्षी पद्धत बदलता येते, फक्त विवरणपत्र मुदतीत भरावे लागते. ज्याचा धंदा आहे त्याला एवढी मोकळीक नाही. नव्यातून एकदा जुन्यात गेला आणि परत नव्यात आला, की धंदा आहे तोवर पुन्हा जुन्यात जाता येत नाही.

आई-वडील त्याच्यावर अवलंबून असण्याची अट नाही. तुमचा दहा एकर ऊस असो, तुम्हाला पेन्शन असो, मुलाने त्याच्या पैशातून हप्ता भरला की वजावट त्याला मिळते.

आणि फक्त मुलालाच नव्हे. मुलीलाही. ही गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण आपल्याकडे लग्न झालेल्या मुलीकडून पैसे कसे घ्यायचे म्हणून हा विषयच निघत नाही. कायद्याला लग्नाशी देणेघेणे नाही. नोकरी करणारी विवाहित मुलगी स्वतःच्या आई-वडिलांचा हप्ता भरून वजावट घेऊ शकते. उलट जावयाला सासू-सासऱ्यांच्या हप्त्याची वजावट नाही, आणि सुनेलाही सासू-सासऱ्यांच्या हप्त्याची नाही. घरात सून नोकरीला आणि मुलगा शेतीवर, अशी घरे आता आहेत. तिथे सुनेने प्रेमाने हप्ता भरला तरी करात तिला काही मिळत नाही, हे आधी माहीत असावे. दोन भावंडांनी हप्ता वाटून भरला तर ज्याने जेवढे भरले तेवढे त्याला. बहीण-भावाच्या पॉलिसीचे मात्र चालत नाही.

आता माझी स्वतःची फजिती. २०१९ सालची गोष्ट. कारखान्यातून बाहेर पडल्यावर आमच्या दोघांची पॉलिसी काढली होती, तिच्या नूतनीकरणाचे दिवस. उसाचा हप्ता नुकताच मिळालेला, हातात रोख होती. एजंट ओळखीचा, एका लग्नात भेटला. म्हणाला, “आण्णा, आत्ताच द्या, पावती उद्या घरपोच करतो.” मी २७ हजार ६०० रुपये मांडवातच मोजून दिले. पावती दुसऱ्या दिवशी आली, तिच्यावर ‘रोख’ असे छापलेले. मुलाने जुलैत विचारले, “आण्णा, पावती पाठवा.” पाठवली. त्याचा फोन आला, “हे चालत नाही.” रोखीने भरलेला हप्ता ८०-डी त चालत नाही, आणि पैसेही त्याचे नव्हते. साडेआठ हजारांवर कर गेला. ज्या माणसाने ३४ वर्षे दुसऱ्यांची व्हाउचरे तपासली त्याच्या घरी हे घडले! सौभाग्यवती अजून चारचौघांत ही गोष्ट काढतात.

म्हणून हप्ता चेकने, कार्डाने किंवा मोबाईलवरून, पण मुलाच्या किंवा मुलीच्या खात्यातून थेट कंपनीला जावा. ‘मी बापाच्या खात्यात पाठवतो, बाप भरेल’ ही पद्धत सोडून द्यावी. बापाच्या खात्यात उसाचे बिल, दुधाचा पगार, मुलाने पाठवलेले पैसे सगळे एकत्र होते, आणि मग कोणाच्या पैशातून काय गेले ते सिद्ध करत बसावे लागते. ज्या पेन्शनवाल्याला स्वतःलाच वजावट घ्यायची आहे त्यानेही पेन्शनच्या खात्यातून हप्ता भरावा, उसाच्या खात्यातून नको. विवरणपत्रात आता विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक मागतात, तेव्हा पॉलिसीची एक प्रत मुलाकडे असू द्यावी.

दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला तर वजावट त्या वर्षांत सारखी वाटून मिळते, एकाच वर्षात सगळी घेता येत नाही. आणि आरोग्य तपासणीचा खर्च ५ हजारांपर्यंत याच मर्यादेच्या आत धरतात. रोखीने चालते ती एवढीच गोष्ट.

पॉलिसीच मिळत नाही त्यांनी काय करायचे? मधुमेह, हृदयविकार, वय पंचाहत्तर, असे सांगितले की कंपनी तोंड फिरवते किंवा असा हप्ता सांगते की माणूसच तोंड फिरवतो. अशा घरांसाठी २०१८ पासून एक वाट आहे, तिची माहिती फार थोड्यांना आहे. ज्या ज्येष्ठ नागरिकाच्या आरोग्य विम्यापोटी हप्ता भरलेला नाही, त्याच्या औषधपाण्यावर, दवाखान्यावर मुलाने केलेला खर्च त्याच ५० हजारांच्या मर्यादेत वजा होतो. वडिलांची पॉलिसी आहे आणि आईची नाही, तर आईच्या औषधांचा खर्च धरता येतो. दोन्ही मिळून ५० हजारांपर्यंत. इथेही रोख चालत नाही. महिन्याला तीन हजारांची गोळ्या-इंजेक्शने लागणाऱ्या घरात वर्षाला ३६ हजार होतात. मेडिकलवाल्याला मुलाने त्याच्या मोबाईलवरून पैसे पाठवले आणि बिले एका पिशवीत जपून ठेवली, की काम झाले. आपण नेमके उलटे करतो. बाप रोख देऊन गोळ्या आणतो आणि बिल तिथेच चुरगाळून टाकतो.

काही पावत्या माझ्याकडे येतात त्या या सवलतीतल्या नसतातच. जनता अपघात विमा हा आरोग्य विमा नव्हे. आयुर्विम्याचा हप्ता ८०-सी त जातो. पीक विम्याचा इथे संबंध नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, तसेच ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागलेले ५ लाखांचे आयुष्मान कार्ड, यांना हप्ताच नाही, तेव्हा वजावटीचा प्रश्न नाही. पण म्हणून ते कार्ड काढायचे राहू देऊ नये. ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि अजून काढले नाही त्यांनी आधार कार्ड घेऊन ते आधी काढावे, हा लेख मग वाचला तरी चालेल.

शेवटी एका शिवशेजाऱ्याची हकिकत, त्यांच्या परवानगीने पण नाव न घेता. त्यांची पॉलिसी सहा वर्षे चालू होती. २०२४ साली मुलगा नव्या करपद्धतीत गेला आणि सहज बोलून गेला, “आता मेडिक्लेमचा टॅक्सला उपयोग नाही.” यांनी त्याचा अर्थ ‘मेडिक्लेमचा उपयोग नाही’ असा घेतला. नूतनीकरणाची तारीख गेली, त्यानंतरची ३० दिवसांची सवलतीची मुदतही गेली. पुढच्या वर्षी छातीत दुखू लागले. तेव्हा धावत जाऊन नवी पॉलिसी काढली, तर रक्तदाबाचा आजार जुना म्हणून प्रतीक्षेचा काळ नव्याने सुरू. हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, २०२४ च्या एप्रिलपासून तसा नियमच आहे. पण त्यांच्या जुन्या पॉलिसीत तो केव्हाच पुरा झाला होता! रक्तवाहिनीत दोन स्प्रिंगा बसवल्या. खर्च सोसायटीचे कर्ज आणि पुढच्या उसावरची उचल यातून भागवला. वाचले, ही देवाची कृपा. खोडव्याचे बिल मात्र अजून त्या उचलीतच वळते होते आहे.

मुलाचे वाक्य करापुरते बरोबर होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जी.एस.टी.ही निघाला आहे. म्हणजे ज्यांना आयकरात काही मिळत नाही त्यांनाही हप्त्यात तेवढा आधार झाला. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी आपल्याशी सल्लामसलत करावी, असे कंपन्यांना बजावले आहे. नूतनीकरणाची रक्कम एकदम फुगलेली दिसली तर एजंटाला हे विचारायला हरकत नाही.

त्या तात्यांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. त्यांच्या मुलाला मी फोन लावला. तो जुन्या पद्धतीतच होता, घराचे कर्ज आहे. त्या वर्षीचे गेले ते गेले. यंदा हप्त्याची तारीख येताच त्याने पुण्याहून स्वतःच्या खात्यातून कंपनीला भरणा केला. तात्या पावतीची प्रत घेऊन मला दाखवायला आले आणि म्हणाले, “आण्णा, त्येनं भरलं खरं, पर मला कसंतरीच वाटतंय. आपल्या दुखण्याचं पैसं पोरानं का भरायचं?” मी म्हटले, तुम्ही दिवाळीला त्याच्या मुलांच्या नावे तेवढेच टाका म्हणजे झाले. तात्यांना ते पटले.

मी दर मंगळवारी सकाळी दहा ते बारा गट ऑफिसात असतो. येताना पॉलिसी, हप्त्याची पावती, पेन्शनचे आणि उसाच्या बिलाचे अशी दोन्ही पासबुके आणावीत, आणि मुलाचा किंवा मुलीचा फोन नंबर. मार्चअखेरीची वाट बघू नये. त्या आठवड्यात ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते आणि माझे डोळेही आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.